प्रोजेस्टेरॉन: मेडिकलच्या काउंटरवर कोल्हापूरकर विचारतात ते प्रश्न

मी फार्मासिस्ट, राजारामपुरीत मेडिकल चालवते. काउंटरवर बायका हळू आवाजात आणि पुरुष त्याहून हळू आवाजात जे विचारतात त्यातलं निवडून इथं लिहिलंय. चिठ्ठी लिहून द्यायचं काम डॉक्टरांचंच, ते मी करत नाही, पण हातात आलेली स्ट्रिप कशाची आहे हे तरी माणसाला कळायला पाहिजे की.

प्र. प्रोजेस्टेरॉन म्हणजे औषध का हार्मोन?

दोन्ही. मुळात हार्मोन, शरीर कोलेस्टेरॉलपासून बनवतं. दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडलं की मागं जी पिशवी उरते ती पिवळसर होते आणि पुढचे साधारण दोन आठवडे ती प्रोजेस्टेरॉन सोडत राहते. त्यानं गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्यासारखं तयार होतं, गर्भाशयाचे स्नायू शांत राहतात, गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो आणि अंगाचं तापमान 0.3 ते 0.5 अंशांनी वाढतं. गर्भ राहिला नाही तर ती पिशवी सुकते, हार्मोन खाली येतं आणि पाळी येते. गर्भ राहिला तर सुरुवातीचे आठवडे तीच पिशवी किल्ला लढवते आणि सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास वार ते काम हातात घेते. दिवस भरत आले की वार रोज 250 मिलिग्रॅमच्या आसपास प्रोजेस्टेरॉन बनवत असते. 1934 साली पहिल्यांदा ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं, त्याच्या पाठोपाठ औषध म्हणून वापर सुरू झाला.

प्र. जावेला पाळी यायला गोळी दिली, मला गर्भ टिकायला दिली, आणि दोन्हीला डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच म्हणतात. असं कसं?

हा प्रश्न जिनं विचारला तिचं मला लई कौतुक वाटलं, कारण सगळा घोळ इथंच आहे. लोक "प्रोजेस्टेरॉनची गोळी द्या" म्हणतात पण ती एक गोळी नाहीच, अख्खं खानदान आहे. सस्टेन वगैरे नावानं मिळतं ते नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अंगात बनतं तसंच्या तसं, फक्त बारीक दळून कॅप्सूलमध्ये भरलेलं. डुफास्टन म्हणजे डायड्रोजेस्टेरॉन, त्याची रचना थोडी फिरवलेली, त्यामुळं ते तोंडानं घेतलं तरी चांगलं लागू पडतं. डेव्हिरी म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. प्रायमोलूट-एन, रेजेस्ट्रोन ही नॉरएथिस्टेरॉन. आय-पिलमध्ये लिव्होनॉरजेस्ट्रेल. ही सगळी पेशीतल्या एकाच रिसेप्टरवर, म्हणजे हार्मोनच्या कुलपावर, जाऊन बसतात पण स्वभाव प्रत्येकाचा वेगळा. पहिली दोन गरोदरपणात देतात. नॉरएथिस्टेरॉन गरोदर बाईनं घ्यायचं नसतं.

आता पाळी आणायची आणि गर्भ टिकवायचा हे उलटं कसं, तर गोळी चालू आहे तोवर अस्तर टिकतं आणि बंद केली की ते सुटतं, म्हणजे पाळी "आणणारी" गोळी खरं तर पाळी आणत नाही, ती थांबवल्यावर पाळी येते. म्हणून तुमच्या जावेची पाच-दहा दिवसांत बंद केली आणि तुमची चालू ठेवली. आणि म्हणूनच पाळी चुकली की आधी युरीन टेस्ट, मग गोळी. टेस्ट न करता मेडिकलमधनं "पाळी यायची गोळी" मागू नका, आत गर्भ असेल तर ती पाळी येणारच नाही, नुसते दिवस वाया जातील.

प्र. नवरात्रात पाळी येणार आहे, पुढं ढकलायची गोळी द्याल का?

भाद्रपद संपत आला की रोज हा प्रश्न. गौरी-गणपतीला एकदा, नवरात्रात अंबाबाईच्या नऊ दिवसांना एकदा, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला, आषाढात टेंबलाईला, आणि लग्नसराईत तर नवरीपासून करवलीपर्यंत सगळ्याच. माझं वैयक्तिक मत विचाराल तर देवीला ह्या गोष्टीचं काही अडत नसावं, पण घरात सासूबाईंना कोण सांगणार, ते मला कळतं, त्यामुळं त्यावर भांडत नाही.

औषधाचं बोलूया. बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम दिवसातनं तीनदा असं देतात, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी सुरू झाल्यावर किंवा आदल्या रात्री धावत येऊन उपयोग नाही, तेव्हा गोळीचा भरवसा नसतो आणि मधेच स्पॉटिंग होतं, मग "तुमची गोळी डुप्लिकेट होती" म्हणून आम्हालाच ऐकवतात.

चिठ्ठीशिवाय मी देत नाही त्याचं कारण आडमुठेपणा नाही. नॉरएथिस्टेरॉन एवढ्या डोसमध्ये घेतलं की त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीत असतं ते इस्ट्रोजेन. त्यानं रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढते. धडधाकट पंचविशीच्या पोरीला पाच-सहा दिवसांत बहुतेक काही होत नाही. पण जिला आधी पायात गुठळी झालेली, जिच्या घरात तसा इतिहास आहे, वजन फार आहे, डोळ्यांपुढं चमकून अर्धशिशी उठते, लिव्हरचा त्रास आहे, ओळखीच्या बाईची उरलेली स्ट्रिप तिनं घ्यायची नाही म्हणजे नाही. अशा बाईला डॉक्टर दुसरी गोळी देतात किंवा सरळ नको म्हणतात. आणखी एक, ह्या गोळ्या चालू असताना गर्भ राहणारच नाही असं समजू नका, ते गर्भनिरोधक नव्हे. आणि वर्षाला चार सण म्हणून चारदा घेणाऱ्या आहेत, त्यांनी मग एकदा डॉक्टरकडं बसून नीट काहीतरी कायमचं ठरवावं, हे दर सणाला ढकलणं बरं नव्हं.

प्र. तोंडानं घ्यायची कॅप्सूल डॉक्टरांनी खालून ठेवायला सांगितली, लिहिताना चुकलं का?

चुकलं नाही. सासूबाई सुद्धा येऊन विचारून जातात, "ओ ताई, बघा की नीट". नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन गिळलं की लिव्हर त्यातलं बहुतेक मोडून टाकतं, शंभरातलं दहा टक्के पण रक्तात पोचत नाही. योनीमार्गात ठेवलं की ते थेट गर्भाशयाला मिळतं, रक्तातली लेव्हल कमी दिसली तरी जिथं पाहिजे तिथं भरपूर असतं. पांढरा चिकट स्राव बाहेर येतो, तो औषधाचा तेलकट भाग, गोळी वाया गेली असं नाही. इंजेक्शन पण असतं, तेलातलं, कमरेत देतात आणि लई दुखतं, गाठी येतात, जागा बदलून घ्यायची. आता पोटावर त्वचेखाली घ्यायचं पाण्यातलं पण निघालंय.

एक मात्र बघा, सस्टेन्ड रिलीज म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या वेगळ्या, त्या गिळायच्याच असतात, फोडायच्या-चावायच्या नाहीत. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा नाहीतर आम्हाला विचारा.

प्र. गोळी घेतल्यावर गुंगी येते, भिंत धरून चालावं लागतं. बंद करू?

बंद करू नका, वेळ बदला. प्रोजेस्टेरॉन तोंडानं घेतल्यावर त्याचं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन होतं आणि ते मेंदूत झोपेच्या गोळ्या जिथं काम करतात त्याच गाबा रिसेप्टरवर काम करतं. म्हणून रात्री झोपताना घ्यायला सांगतात. पोटभर जेवणानंतर लगेच घेतलं तर जास्त शोषलं जातं आणि गुंगी पण वाढते. घेऊन गाडी चालवायची नाही, रंकाळ्यापर्यंत सुद्धा नाही. डायड्रोजेस्टेरॉनला ही गुंगी फारशी नसते.

प्र. पहिल्यांदा गरोदर आहे, त्रास काही नाही, तरी सुरक्षित म्हणून प्रोजेस्टेरॉन घ्यावं का?

सगळ्यांना सरसकट गरज नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यातल्या बऱ्याच वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, त्याला कुठलंही हार्मोन अडवू शकत नाही, आणि बाईनं जिना चढला, पपई खाल्ली म्हणून पण ते होत नाही.

मग कुणाला उपयोग? ब्रिटनमध्ये प्रिझम नावाची मोठी चाचणी झाली, 2019 ला निकाल आला, सुरुवातीच्या दिवसांत रक्त जाणाऱ्या 4,153 बायका होत्या. अर्ध्यांना 400 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिवसातनं दोनदा योनीमार्गे आणि अर्ध्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. सगळ्या मिळून बघितलं तर फरक फारसा नाही, बाळ जिवंत जन्माला आलं ते 75 टक्के आणि 72 टक्के जणींचं. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते आणि आता रक्त जात होतं त्यांच्यात 72 विरुद्ध 57 असा फरक निघाला, हा मोठा आहे. त्याच्या आधी 2015 च्या प्रॉमिस चाचणीत वारंवार गर्भपात झालेल्या पण रक्तस्राव नसलेल्या बायकांना फायदा दिसला नव्हता. म्हणजे आधीचा गर्भपात आणि आत्ताचं रक्त जाणं, दोन्ही असेल तर डॉक्टर देतात त्याला आधार आहे. नुसतंच "घेऊन टाकू" ह्याला तसा नाही. शेजारणीला दिलं आणि मला का नाही म्हणून डॉक्टर बदलायची गरज नाही.

ह्याशिवाय दोन ठिकाणी ते लागतंच. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, बीज काढताना आणि इंजेक्शनांमुळं शरीराची स्वतःची व्यवस्था विस्कटते, म्हणून बाहेरनं द्यावं लागतं. आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं तोंड 25 मिलिमीटरपेक्षा आखूड दिसलं तर रोज रात्री 200 मिलिग्रॅम योनीमार्गे, वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका त्यानं कमी होतो.

प्र. ह्या गोळ्यांनी मुलगा होतो का?

नाही. बीज फळतं त्या क्षणी बापाच्या शुक्राणूवरून ते ठरलेलं असतं, नंतर काहीही घ्या. असं सांगून कुणी औषध विकत असेल तर तो गुन्हा करतोय.

प्र. एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची टेस्ट केली, 1.2 आलं. मला मूल होणार नाही का?

आधी सांगा पाळी किती दिवसांनी येते. एकविसावा दिवस हा 28 दिवसांच्या चक्राचा हिशोब. टेस्ट करायची असते पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी, म्हणजे जिची पाळी 35 दिवसांनी येते तिची अठ्ठाविसाव्या दिवशी. तुम्ही लवकर केली असेल तर कमीच येणार. नॅनोग्रॅममध्ये 3 च्या वर आकडा म्हणजे बीज बाहेर पडलंय असं धरतात. हे हार्मोन लहरीनं सुटतं, एकाच दिवसात वर-खाली होतं, त्यामुळं एका रिपोर्टवर रडत बसू नका. डुफास्टन चालू असताना केलेल्या टेस्टमध्ये ते औषध मोजलंच जात नाही, हे पण लक्षात ठेवा.

प्र. पीसीओडी आहे, तीन-तीन महिने पाळी नाही, बरं वाटतंय की, कटकट नाही. गोळी कशाला?

कॉलेजच्या पोरी असं म्हणतात खरं. बीज बाहेर पडत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन बनत नाही, पण इस्ट्रोजेन असतंच, ते एकटंच अस्तर वाढवत बसतं. मग कधीतरी ते आपोआप सुटतं आणि पंधरा-पंधरा दिवस रक्त जातं, हिमोग्लोबिन खाली. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर अस्तराच्या पेशी बिघडतात आणि पुढं गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर ठरावीक महिन्यांनी थोडे दिवस गोळी देऊन अस्तर साफ करतात. त्यानं पीसीओडी बरा होत नाही, वजन-व्यायाम-खाणं हे बघावंच लागतं.

प्र. आय-पिल, अंतरा, मिरेना ह्यात पण तेच का?

त्याचीच भावंडं. आय-पिलमध्ये लिव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, ते बीज बाहेर पडणं पुढं ढकलतं. राहिलेला गर्भ त्यानं पडत नाही. गर्भपाताची गोळी, मिफेप्रिस्टोन, बरोबर उलटी, ती प्रोजेस्टेरॉनची जागा अडवून ठेवते, म्हणून ती फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अंतरा म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं तीन महिन्यांचं इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. त्यात पाळी अनियमित होते किंवा बंदच होते, घाबरायचं नाही, मात्र थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात, लगेच पुढचं मूल पाहिजे असेल तर हे घेऊ नका. मिरेना म्हणजे लिव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारं छोटं साधन, ते गर्भाशयात बसवतात, पाळीत फार रक्त जात असेल तर त्याचा उपयोग होतो आणि कितीतरी बायकांची पिशवी काढायची वेळ टळते. आपल्याकडं चाळिशीत पिशवी काढून टाकायची घाई फार आहे, त्याआधी ह्याबद्दल एकदा विचारा तरी.

प्र. पाळी गेली आता. घाम, गरम वाफा येतात म्हणून इस्ट्रोजेन दिलंय, वर प्रोजेस्टेरॉन कशाला?

काकू, पिशवी आहे ना अजून? मग पाहिजेच. नुसतं इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, मघाशी सांगितलं तसं. पिशवी काढलेली असेल तर सहसा लागत नाही. प्रोजेस्टेरॉननं झोप जड होते म्हणून ते थांबवून इस्ट्रोजेन तेवढं चालू ठेवलं असं करणाऱ्या आहेत, ते अजिबात करू नका. 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेनबरोबर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, म्हणून छातीत गाठ वगैरे असेल तर आधीच सांगायचं.

प्र. पुरुषांत पण असतं का हे? आणि वाढलं तर काय?

असतं की. वृषणात आणि किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत थोडं थोडं बनतं, साधारण 1 नॅनोग्रॅमच्या खालीच. ते टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल बनवायच्या वाटेवरचा एक टप्पा आहे, म्हणजे एका अर्थी कच्चा माल. आणखी एक भारी गोष्ट 2011 ला कळली, बीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात आणि ते लागलं की शुक्राणूच्या शेपटीतलं कॅल्शियमचं दार उघडतं, तो जोर लावून पोहायला लागतो. बाईचं हार्मोन बाईचं हार्मोन म्हणून हसतो आपण, पण बाप व्हायला पण तेच लागतं.

औषध म्हणून पुरुषांना दिलं तर उलटं होतं. मेंदूकडून वृषणाला जाणारा निरोप बंद पडतो, टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू दोन्ही खाली येतात, इच्छा कमी होते, छाती भरल्यासारखी वाटू शकते. ह्याचाच उपयोग करून पुरुषांच्या गर्भनिरोधकावर काम चाललंय, नेस्टोरोन हे ह्याच खानदानातलं औषध आणि टेस्टोस्टेरॉन मिळून खांद्याला लावायचं जेल. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ह्याच खानदानातलं सायप्रोटेरोन देतात. कॅन्सरच्या पेशंटची भूक मेली की मेजेस्ट्रॉल देतात, ते पण ह्यातलंच, बाई असो का पुरुष, म्हणून वडिलांच्या चिठ्ठीत ते दिसलं तर "बायकांचं औषध दिलं" म्हणून भांडायला येऊ नका, गुठळीचा धोका मात्र त्यालाही आहे. डोक्याला मार लागलेल्यांना प्रोजेस्टेरॉन दिलं तर मेंदू वाचेल असं प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलं होतं, पण 2014 ला दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि माणसांत फायदा काही निघाला नाही.

जिमवाल्या भावांसाठी: जे नँड्रोलोनचं इंजेक्शन कोच "सेफ" म्हणून देतो ते प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरवर पण जाऊन बसतं, अंगातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन झोपवतं. दंड फुगतात आणि लग्नानंतर स्पर्म काउंटचा रिपोर्ट घेऊन फिरतात, असे येतात आमच्याकडं.

प्र. गंगावेशीत दूध कट्ट्यावर रोज धारोष्ण दूध पितो. म्हशीच्या दुधात हे हार्मोन असतं म्हणे, तालमीतल्या पोरांवर परिणाम होतो का?

दुधात असतं हे खरं. म्हैस गाभण आहे का ते दुधातलं प्रोजेस्टेरॉन मोजून ओळखतात सुद्धा. पण प्रमाण अगदी किरकोळ, आणि वर सांगितलं तसं पोटातनं गेलं की लिव्हर बहुतेक मोडून टाकतं. त्यानं पैलवान मऊ पडत नाही. कच्च्या दुधात खरी भीती ब्रुसेला आणि टीबीच्या जंतूंची, तेवढं उकळून प्या. माजावर न येणाऱ्या म्हशीला डॉक्टर प्रोजेस्टेरॉनचं उपकरण आत ठेवतात आणि आठवडाभरानं काढतात, काढल्यावर जनावर माजावर येतं. तत्त्व जावेच्या गोळीचंच, चालू ठेवून काढून घ्यायचं.

प्र. ऑनलाइन रताळ्यासारख्या कंदाची "नॅचरल प्रोजेस्टेरॉन" क्रीम मिळते, चालते का?

1940 च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या केमिस्टनं मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोस्जेनिन नावाच्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं, त्यामुळं ते स्वस्त झालं. पण ती करामत लॅबमधली. आपल्या अंगाला डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन करता येत नाही, म्हणून कंदाची क्रीम चोळून हार्मोन वाढत नाही. इस्ट्रोजेन घेणारीनं अशा क्रीमवर विसंबून राहणं धोक्याचं.

प्र. वजन वाढतं का, चिडचिड होते का?

पोट फुगणं, बद्धकोष्ठ हे होतं, आतड्याची हालचाल मंदावते म्हणून, शिवाय स्तन दुखणं, पाय जड वाटणं हे पण होतं. खरोखरची चरबी वाढते ती जास्त करून अंतरा इंजेक्शनात काहीजणींची. मूडचं माणसागणिक वेगळं, काहीजणींना शांत झोप लागते तर काहीजणी घरच्यांवर खेकसतात. पाळीआधीच्या चिडचिडीवर उपाय म्हणून प्रोजेस्टेरॉन द्यायचे, पण चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही.

प्र. कधी घ्यायचं नाही आणि कधी पळत दवाखान्यात जायचं?

कारण न कळलेला रक्तस्राव, स्तनाचा कॅन्सर, लिव्हरचा मोठा आजार, आधी झालेली गुठळी, ह्यातलं काही असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते पण सांगा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, दिसायला गडबड झाली, डोळे पिवळे झाले तर मेडिकलमध्ये यायचं नाही, सरळ सीपीआर, म्हणजे आपलं मोठं सरकारी हॉस्पिटल, नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठायचं.

प्र. एक गोळी विसरली तर? आणि उरलेल्या काय करू?

आठवली की घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नाही. आयव्हीएफ चालू असेल तर मात्र सेंटरला फोन लावून विचारा. गरोदरपणात बारा आठवड्यांनंतर वार स्वतःच पुरेसं बनवत असते, तरी बंद कधी करायचं हे तुमच्या कारणावर ठरतं, आखूड तोंडासाठी दिलं असेल तर 34-36 आठवड्यांपर्यंत सुद्धा चालू ठेवतात. उरलेली स्ट्रिप नणंदेला, मैत्रिणीला देऊ नका. न फोडलेली असेल तर बिलासकट घेऊन या, काही दुकानदार परत घेतात, मी घेते.